फटीतल्या चिंध्या

४ जानेवारी

माझ्या हातची पहिली मोंद्यूझ रेड वाइन आज उघडली! रंग गर्द जांभळा. वास मिऱ्याचा. पण नुसती प्यायली की जीभ आवळते. बोफोर चीजबरोबर बरी लागली. तळ्यातल्या माशाबरोबर अजिबात नाही — गंजका खिळा चोखल्यासारखं! डुकराच्या सॉसेजबरोबर छान लागेल, पण एकट्यासाठी कोण शिजवणार?

दोन पेले मांडले होते. दुसरा कशाला, कोण जाणे. मे महिन्यात आई गेली, हात अजून तसेच चालतात.

बाहेर कडाका आहे. तळघराचं दार तर बंदच असतं, आज फटीतही चिंध्या कोंबल्या. रेड वाइनला एवढा गार वारा लागता कामा नये.

८ जानेवारी

मामा शांबेरीहून आला. "आई होती तोवर ठीक होतं. द्राक्षांचा मळा विकून टाक नि माझ्या दुकानात ये. तिथे निदान माणसं तरी दिसतील!" गावात दारू गाळायची फिरती भट्टी येऊन गेली, की त्यानंतरच्या रविवारी त्याला उत्तर हवंय.

चिडलो. मग वाटलं, खोटं काय बोलला? प्यायला कोणी येणारच नसेल, तर वाइन करायची कोणासाठी?

१२ जानेवारी

समोर राहणाऱ्या फेर्नाँच्या तळघरात हशा चालला होता. मला कोणी हाक मारली नाही. पेले पुसून ठेवले. परत पुसले.

१७ जानेवारी

फिरती भट्टी आली. सगळे आपापला द्राक्षांचा चोथा घेऊन चौकात. भट्टीत चोथ्यावरच सॉसेज शिजत होते. माझेही त्यात टाकले. मोंद्यूझची बाटली मात्र कोटाच्या आतच — बाहेर काढायचा धीर होईना.

फेर्नाँने ओढून काढली. पेल्यात ओतून एक घोट घेतला. "आई गं! दात सोलले की रे माझे!" सगळे हसले. घरी पळावंसं वाटलं. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या पेरोनबाईंनी त्याच्या तोंडात गरम सॉसेज कोंबला. "आता पी, मग बोल!"

तो प्यायला. पेला पुन्हा पुढे केला.

मग म्हणाला, "एवढे दिवस कुठे तोंड लपवून बसला होतास?"

माझा आवाज चढला — "मी? तुम्हीच कोणी येत नाही!"

पेरोनबाई हळूच म्हणाल्या, "पोरा, तुझ्या तळघराचं दार आई गेल्यापासून बंद आहे. आपल्या गल्लीत बंद दार म्हणजे दुखवटा. तू कधी उघडतोस, याचीच आम्ही वाट बघतोय."

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं! आणि मी फटीत चिंध्या कोंबत बसलो.

१८ जानेवारी

चिंध्या काढल्या. दार सताड उघडं टाकलं. गारठ्यात वाइनच्या पिंपांची काळजी वाटते. संध्याकाळपर्यंत कोणीही नाही. पेले पुसले.

१९ जानेवारी, रविवार

मामा उत्तर घ्यायला आला. गल्लीतल्या माणसांमुळे तळघरात बसायला जागा नव्हती. उभ्यानेच प्यायला.