गिअरच्या तेलाचा वास

बाबा,

व्हॅनची किल्ली शोधत बसू नका, ती माझ्याकडे आहे. मी बसने कामावर चाललेय.

काल चढावर इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी पुढे सरकेना. तुम्ही नेहमीसारखी गिअरच्या तेलाची पट्टी हुंगलीत आणि म्हणालात, "तेल ठणठणीत आहे." आज सकाळी मी तुम्ही शिकवलंत तसंच, इंजिन तापवून, चालू ठेवून बघितलं. जळका वास असा नाकात घुसला की ठसकाच लागला. दुपारी मेकॅनिक येईल, त्याच्याशी हुज्जत घालू नका.

परवा दूध करपलं तेव्हा मी गच्चीवरून धावत आले. तुम्ही शेगडीशेजारीच पेपर वाचत होतात.

चहा थर्मासमध्ये भरून ठेवलाय. गॅस खालून बंद केलाय, मी येईपर्यंत तो चालू करू नका.