थुंकी नक्की कुणाची?

निजामपुरा, ४ ऑक्टोबर १९९४

सलीम लूमवर काम करतो. प्लेगच्या भीतीने सुरतेहून पळून आलाय, म्हणून दवाखान्यात सगळे त्याच्यापासून लांब. मला मात्र टीबीचा संशय. तपासणीत थुंकी साफ निघाली. एवढा खोकला आणि थुंकी साफ? थुंकीची डबी त्याच्या भावाने आणून दिली होती. थुंकीही भावाचीच नसेल ना?

आज सकाळी सलीमला माझ्यासमोरच थुंकायला लावलं. तो रडायलाच लागला. "सिस्टर, बीमारी निकली तो सेठ निकाल देगा."

संध्याकाळी टीबीच निघाला. सांगितलं, तर विचारतो, "प्लेग तो नहीं ना?" नाही म्हटल्यावर इतका खूश झाला, की मला धास्तीच वाटली. हा औषधं पुरी करेल असं वाटत नाही.