व्याह्यांकडे धाडलेलं इंजिन

७ जानेवारी

रा. रा. व्याहीबुवांस स. न. वि. वि.

या पत्राच्या आगेमागे टेम्पोवाला तुमच्या दाराशी एक लाकडी पेटी आणि एक लांबट खोकं उतरवेल. पेटी उलटी धरू देऊ नका. तिच्यात माझं वाफेवर चालणारं आगगाडीचं छोटं इंजिन आहे आणि खोक्यात त्याचे रूळ. गेल्या खेपेला आमच्या दिवाणखान्यात तुम्ही त्याच्यापुढे चष्मा कपाळावर सारून बराच वेळ उभे होतात. तेव्हाच मनात म्हटलं, कधी कुणाकडे सोपवायची वेळ आली तर या माणसाकडे.

कारण विचाराल. दवाखाना बंद केल्यावर तिथली कपाटं घरी आली, आणि हिचं म्हणणं पडलं की घरात एकतर कपाटं राहतील नाहीतर तिची सवत. इंजिनाला ती पहिल्यापासून सवतच म्हणते, कारण रविवारची सकाळ मी गच्चीवर त्याच्या सोबतीत घालवायचो. तुमच्या चष्म्याच्या दुकानाला दर्शनी काच मोठी आहे. तिथे ठेवा, शोभा येईल.

एकच अट. ते पेटवायचं नाही. हे पोराटोरांचं खेळणं नव्हे. ज्यांनी केलं त्यांनी मोजकेच नग केले आणि कारखान्याला कुलूप लावलं. अशी इंजिनं जमवणारे लोक रंगावर नखाएवढा ओरखडा दिसला तरी तोंड फिरवतात. मऊ फडक्याने पुसा, ऊन लागू देऊ नका, बस्स. मुलाकडचे असूनही आम्ही आजवर कसलाच हट्ट केला नाही, तो हा समजा.

सूनबाई बाळाला घेऊन तुमच्याकडे पोचली असेलच. दोघींना आशीर्वाद.

आमच्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा पेटीकडे वळवावा.

आपला,
दातांचा माजी डॉक्टर

---

१५ जानेवारी

डॉक्टरसाहेबांस सा. न. वि. वि.

आपली ठेव सुखरूप पोचली. टेम्पोवाल्याने पेटी अशी उतरवली, जणू आत नवरी बसलीय. पण पत्र उघडलं आणि धस्स झालं. टाइप केलेलं! आधी वाटलं, नगरपालिकेची नोटीस. तुमचं अक्षर कुठे गेलं? ते लागायचं नाही ही गोष्ट वेगळी, पण ते बघून घरचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं.

इंजिन दर्शनी काचेत मांडलं. काळंभोर अंग, लाल रेघा, पितळी घुमट. भोवतीच्या चष्म्यांच्या फ्रेमी बिचाऱ्या केविलवाण्या दिसू लागल्या. येणारा जाणारा थबकतो. परवा एक निवृत्त पोस्टमन वाचायचा चष्मा करायला आले. त्यांनी विचारलं, हे चालतं का? मी म्हटलं, चालतं, पण चालवायचं नाही. ते म्हणाले की मग त्यांच्या गुडघ्यांसारखंच झालं म्हणायचं. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. डॉक्टर, एकदाच मागच्या अंगणात फिरवू का? आणि तुमचा रविवारचा गच्चीवरचा कार्यक्रम बंद का झाला, तेही कळवा. कपाटं काही गच्चीवर ठेवली नसतील.

नात मजेत आहे. मान धरते, आवाजाकडे वळून बघते. मुलगी परवा आईशी बोलताना म्हणाली की सासूबाई बाळाला खाली ठेवत नव्हत्या, पण सासऱ्यांनी तिला एकदाही घेतलं नाही. दाराशी उभे राहतात, बघतात आणि जातात. तक्रार म्हणून नाही, सहज म्हणाली. मीही सहजच लिहितोय. मुलीचा बाप आहे, म्हणून ही ओळ चारदा खोडली आणि पाचव्यांदा ठेवली.

विहीणबाईंना नमस्कार. राग नसावा, असलाच तर पुढच्या पत्रापर्यंत टिकू नये.

आपला,
चष्मेवाला व्याही

---

२४ जानेवारी

व्याहीबुवांस स. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पेटवायचं नाही म्हणजे नाही. टाइप करतो, कारण मुलाने त्याचा जुना संगणक दिलाय आणि माझ्याकडे वेळच वेळ आहे. माझं अक्षर वाचायला तुमच्या दुकानातली सगळ्यात जाड काच लागते, असं तुम्हीच म्हणायचात ना?

आता केवळ माहितीसाठी सांगतो. बॉयलरमध्ये नळाचं पाणी कधी घालायचं नसतं. त्याची आत पुटं चढतात, दातांवर चढतात तशीच, आणि ती खरवडता येत नाहीत. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घालायचं. तेल वाफेच्या इंजिनाचं, मधासारखं दाट. गॅस लायटरमध्ये भरतात तो. पण पाण्याच्या आधी संपेल इतकाच, म्हणजे बॉयलर कोरडा तापत नाही. धुराड्याशी काडी धरली की फक्कन आवाज होऊन ज्योत आत पळते. त्या वेळी तोंड लांब ठेवायचं. मग वाफेच्या दाबाचा काटा वर चढेपर्यंत हात बांधून स्वस्थ उभं राहायचं. सुरुवातीला थंड सिलिंडरमधलं पाणी धुराड्यातून थुंकल्यासारखं उडतं. घाबरायचं नाही, माझे पेशंटही तेच करायचे. शेवटी रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायचा दांडा. तो ओढायचा नसतो, त्याला नुसतं विचारायचं असतं. जरा जरा वाफ मिळाली की गाडी माणसाच्या चालीने निघते, आणि मग तो आवाज... असो. हे सगळं विसरून जा.

बाळाला थंडी लागू देऊ नका.

लोभ असू द्या, काडेपेटी लांब असू द्या.

आपला,
डॉक्टर

---

२ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेबांस सा. न. वि. वि.

विसरून जायचा मनापासून प्रयत्न केला. जमला नाही.

रविवारी मागच्या अंगणात फळ्या टाकून रूळ मांडले. पायरीवर प्रेक्षक म्हणून आमची ही, मुलगी आणि तिच्या मांडीवर बाळ. पाणी, तेल, गॅस, सगळं तुमच्या पत्रात बघून केलं. तोंड लांब ठेवायचं तेवढं राहिलं, त्यामुळे डावी भुवई आता नाही. गिऱ्हाईकांना वाटतं, मी त्यांच्याकडे सतत आश्चर्याने बघतोय.

काटा चढला. आणि डॉक्टर, मी रेग्युलेटरला विचारलं नाही, त्याला हुकूम सोडला. इंजिन सुटलं ते कुत्रं मागे लागल्यासारखं. पहिल्या वळणावर त्याने रुळांना रामराम ठोकला आणि थेट जास्वंदीच्या कुंडीत तोंड खुपसलं. पुढचा एक बफर, म्हणजे धक्का झेलणारा दट्ट्या, वाकला आणि डाव्या अंगाला अंगठ्याएवढा ओरखडा आला. मी ते बाहेर काढायला धावलो. तेवढ्यात बाळ खदखदून हसलं. मोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा, आजोबाची फजिती बघून. रागवावं की नाचावं हे आमच्यापैकी कुणालाच कळेना.

मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. फक्त टाइप करून पाठवू नका. इथे येऊन, समोर बसून द्या.

शरमिंदा, तरी लोभाचा आशावंत,
चष्मेवाला व्याही

---

९ फेब्रुवारी

श्री. व्याही यांस स. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत लिहितेय. इतकी वर्षं यांच्यापासून चोरून मी फक्त साड्याच घेतल्या, पण आता इलाज नाही.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं. ओरखड्याशी आले तेव्हा मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तर हे हसायला लागले. किती महिन्यांनी हसले असतील! पुढे बाळ हसल्याचं वाचलं, पत्राची घडी घातली आणि उठून आत निघून गेले.

गेल्या वर्षापासून यांचे हात कापतात. एका बाईंच्या दाढेचं काम करताना यांच्या ते पहिल्यांदा ध्यानात आलं. हत्यार खाली ठेवलं, बाईंना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्याच आठवड्यात दवाखान्याला कुलूप घातलं. लोकांना सांगितलं, कंटाळा आला. मोठ्या डॉक्टरांना दाखवलंय. जिवाला काही भीती नाही, पण कंप राहणार, असं ते म्हणाले. मुलालासुद्धा सांगू देत नाहीत. चार माणसांत चहा घेणं सोडलंय, पत्रं टाइप करतात. एका रविवारी गच्चीवर इंजिनात तेल घालायला गेले, तर थेंबभर आत आणि बाकी सगळं बाहेर. मुकाट्याने पुसून ठेवलं, ते शेवटचं. कपाटांचं कारण खोटं. कपाटं मी केव्हाच देऊन टाकली.

आणि बाळ. हातातून निसटलं तर, एवढंच म्हणतात. ती इथे होती तेव्हा, झोपली की पाळण्याशी जाऊन उभे राहायचे आणि कुणाची चाहूल लागली की खिडकीबाहेर बघितल्यासारखं करायचे. सुनेच्या मनात काय येत असेल ते मला कळतं. पण ते तिला यांनीच सांगायला हवं. मी सांगितलं तर हे आणखी मिटून जातील.

तेव्हा यांना बोलावून घ्या. मी येणार नाही. मी असले की प्रत्येक गोष्टीला मलाच पुढे करतात.

जास्वंदीची कुंडी फुटली असली तर विहीणबाईंना सांगा, नवी माझ्याकडून.

माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
विहीण

---

१४ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेबांस सा. न. वि. वि.

उत्तर नाही, तेव्हा रागावलात असं धरून चालतो. बफर सरळ करून आणलाय. पण इंजिन माझ्यावर रुसलंय. काही केल्या जागचं हलत नाही, आणि वळणावर दर वेळी घसरतं. पाहुणे म्हणून नको, पण फोरमन म्हणून तरी या. हिने वरची खोली झाडून ठेवलीय. नातीच्या हसण्याची आता सगळ्या गल्लीला सवय झालीय, एक तुम्हीच राहिलात.

वाट बघतो.

आपला,
चष्मेवाला व्याही

---

१९ फेब्रुवारी

व्याहीबुवांस स. न. वि. वि.

तुम्हाला खोटं लिहिता येत नाही. जे इंजिन जागचं हलत नाही, ते वळणावर घसरायला जातं कसं? आणि हिने तुम्हाला लिहिलं, हेही लगेच ओळखलं. घरात पोस्टाची तिकिटं मीच आणतो, त्यातलं एक कमी भरलं. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. त्याचा तिला काही त्रास झाल्याचं दिसलं नाही, म्हणून सोडून दिलं.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. माझ्या हातांकडे कुणी बघायचं नाही. आणि आपण बघत नाही आहोत, असं दाखवायचंही नाही. दुसरं जास्त त्रासदायक असतं.

वळणावर खालची फळी खचली असणार. तोवर दगड सरकवून ठेवा.

लोभ, कसाबसा का होईना, शिल्लक आहे.

आपला,
डॉक्टर

---

२७ फेब्रुवारी

सौ. विहीणबाईंस सा. न. वि. वि.

यजमान खुशाल आहेत. आता सगळं सांगतो, नीट बसून वाचा.

आल्या आल्या चहा झाला. आमच्या हिने सगळ्यांनाच मोठाले मग दिले आणि सगळ्यांनाच अर्धे भरून. मी विचारणार होतो की आमच्या घरात दुधाचा दुष्काळ कधीपासून, पण तिने असं बघितलं की मी साखर ढवळत बसलो. साखर घातलेलीच नव्हती.

मग अंगणात गेलो. डॉक्टरांनी गुडघे टेकून रुळांना डोळा लावला आणि वळणाची फळी खरंच खचलेली निघाली. ती बसवली. तेल घालायला त्यांनी स्वतः घेतलं. हात कापत होता, विहीणबाई, चांगलाच कापत होता. निम्मं आत गेलं, निम्मं त्यांच्या पँटवर. त्यांनी पँटकडे बघितलं आणि म्हणाले की निदान तिचे गुडघे तरी आता कुरकुरणार नाहीत. काडी मी लावली, कारण भुवई घालवायचा अनुभव माझ्याकडेच होता.

काटा चढला आणि रेग्युलेटरची वेळ आली. बोट दांड्याला लागेना. शेजारून जाई, पुन्हा मागे येई. आम्ही सगळे जास्वंदीकडे बघत होतो, आणि त्यांनी बजावलेलं आठवून तेही धड जमत नव्हतं. शेवटी त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि दांडा हलवला, पोराच्या कानात काही सांगावं तसा. इंजिन खोकलं, थुंकलं, जरा अडखळलं आणि निघालं. माणसाच्या चालीने. वळण आलं आणि गेलं. तुमचे यजमान त्याच्या बाजूने अंगणभर रांगत होते आणि मुलगी बाळाला उभं धरून ते दाखवत होती. बाळाने मात्र इंजिन सोडून रांगणारे आजोबा बघायचं ठरवलं.

गॅस संपला, इंजिन थांबलं. तेव्हा ते तसेच मातीत बसून मुलीला म्हणाले की हात असे आहेत ग, म्हणून तिला घेत नव्हतो. कुणी विचारलं नव्हतं. मुलीने बाळाचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाली की तिला वाटत होतं, त्यांना नातू हवा होता. डॉक्टरांचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं. ते पुन्हा पुन्हा नाही नाही एवढंच म्हणत होते. मुलीने डोळे पुसले, वेताची खुर्ची ओढली, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, सासऱ्यांना हुकूम सोडल्यासारखं बसायला सांगितलं आणि बाळ त्यांच्या मांडीवर दिलं.

त्यांचे हात तिच्याखाली थरथरत होते. बाळाने त्यांच्याकडे टक लावून बघितलं. आम्हाला वाटलं, आता भोकाड पसरणार. तर तिने एक जांभई दिली आणि झोपली! जिला झोपवायला आमची ही रोज घरभर येरझारा घालते, ती कारटी डॉक्टरांच्या हातात दोन मिनिटांत गाढ. तिला वाटलं, आजोबा झोके देताहेत.

तेव्हापासून घरात त्यांना मागणी आहे. बाळ किरकिरलं की सगळे आधी त्यांना हाका मारतात. मुलाला त्यांनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तो पुढच्या आठवड्यात येतोय. तुम्हीही त्याच्याबरोबर या, आणि येताना डॉक्टरांच्या चार पँटी आणा, आणलेल्या सगळ्यांना तेल लागलंय.

आत्ता हे लिहिताना ते समोरच बसलेत, मांडीवर नात झोपलीय. हात दुखले असतील, म्हणून मी म्हटलं, द्या इकडे थोडा वेळ. तर माझ्यावर असे खेकसले, व्याही असून! तेही कुजबुजत, तिची झोप मोडू नये म्हणून.

लोभ इथे उतू चाललाय. न्यायला तुम्हीच या.

आपला,
चष्मेवाला व्याही