आईच्या बोटांची वही

१२ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. बाबांचं नि माझं बोलणं परवापासून पुन्हा बंद आहे, म्हणजे तेही नेहमीसारखंच. भाऊजींना नमस्कार सांग. मागच्या वेळी त्यांना जे बोललो ते मला अजून खरंच वाटतं, पण नमस्कार सांग.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नवी फार्मासिस्ट आलीय, हे तुला कळवलं होतंच. (चार पानं. माहितेय.) आईच्या संधिवातासाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मी तिच्याकडूनच आणतो. एका वेळी एकच बाटली. तेवढ्याच चकरा जास्त होतात.

सकाळी आईची बोटं किती वेळ आखडलेली राहतात, ते तिला विचारून रोज वहीत मांडत होतो. सव्वा तास, पन्नास मिनिटं, अर्धा तास, वीस! काल वही काउंटरवर आपटली. म्हटलं, "हा घ्या पुरावा!"

तिने पान न् पान वाचलं. म्हणाली, "एका आईवरून पुरावा होत नाही. काही अभ्यासांत दुखणं, आखडणं थोडं कमी झालेलं दिसलंय. थोडं. तेही दोन-तीन महिने घेतल्यावर. तुमच्याकडे नवव्या दिवशी निम्मं? आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"चालू आहेत! म्हणजे माझी आई खोटं बोलते?"

एवढ्या जोरात ओरडलो की खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या आजोबांचा खोकलाच थांबला.

"जरा नीट विचारून बघा," ती म्हणाली.

तरातरा घरी आलो. शर्टाचं बटण तुटलं होतं (कसं ते विचारू नकोस), म्हणून शिवणाचा डबा उघडला. बटणांखाली कॅप्सूल! सगळ्या. रोजच्या तीन, सत्तावीस दिवसांच्या एक्क्याऐंशी.

"अरे, माशाचे ढेकर येतात," आई म्हणाली.

"मग वीस मिनिटं कुठून आली?"

"आकडा उतरला की दोन घास जास्त खायचास. बाबांवर खेकसायचा नाहीस. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच तुझं काहीतरी जमत होतं, रे."

मी डब्यावर चिडलो.

आता जे मघापासून टाळतोय ते लिहितो. मागच्या पत्रात मी लिहिलं ना, 'आई ठणठणीत आहे, रजा टाकू नकोस'? त्याच वहीच्या जोरावर मी सांध्यांच्या डॉक्टरांची वेळही रद्द केली होती. तुला न विचारता.

आज पुन्हा घेतली. सोमवारी सकाळी दहा. मेडिकलवालीची माफीही मागितली. ती म्हणाली, "वही चालू ठेवा, डॉक्टरांना दाखवा. फक्त घड्याळ तुम्ही लावा." हसली, ताई!

आजचा खरा आकडा: दोन तास पाच मिनिटं.

तू ये. मी एकटा सोबत असलो तर आई डॉक्टरांनाही वीसच सांगेल.

खालची ओळ तिची.

*बाळ, हा वाढवून सांगतो. मी बरी आहे. रजा वाया घालवू नकोस. आई.*

एवढं लिहायला तिला चौदा मिनिटं लागली. घड्याळ मी लावलं होतं.

वाट बघतोय,
तुझा भडकू