टर्न कुणाचा

घाटकोपर,
३ नोव्हेंबर २०२५

चि. जान्हवीस,
धोंडूआजोबाचे अनेक आशीर्वाद.

होस्टेलचं जेवण सुधारलं का? इथे माझी वाट लागली आहे, म्हणून लिहितो. फोनवर मी घाबरून नुसता हो हो म्हणतो, हे तुला माहीत आहे. त्यानेच घोळ झाला.

बिल्डिंग पाडणार. खोली रिकामी करायची नोटीस आली. त्या संध्याकाळी तुझ्या बाबाचा फोन आला, मानखुर्दला आमच्याकडे या. मी हो म्हटलं. दहा मिनिटांनी तुझ्या दर्शनाआत्याचा बोरिवलीहून फोन, आमच्याकडेच यायचं. तिलाही हो म्हटलं. आता तेवीस तारखेच्या रविवारी दोघंही टेम्पो घेऊन येणार. दोघांना एकमेकांचं ठाऊक नाही आणि सांगायला माझी जीभ उचलत नाही. एकाला नाही म्हटलं की दुसऱ्याचा बाप झालो असं होईल. बी.पी.ची गोळी चालू आहे.

शिवदास म्हणतो, दोन गल्ल्या सोडून माझी खोली आहे, बायको गेल्यापासून एक खाट रिकामी आहे, ये. गिरणीत तो माझ्या शेजारच्या साच्यावर कापड विणायचा, तुला माहीतच आहे. भाजी तो चिरतो, पोळ्या विकत आणतो. सकाळी दोघं मिळून पेपर वाचू म्हणतो, बारीक अक्षर त्याला दिसत नाही. पण दोन मुलं असताना बाप परक्याकडे राहिला तर लोक काय म्हणतील?

मे महिन्यात तू मला ते पत्ते शिकवलेस, त्यात दोघांची पानं एकदम लागू झाली की काहीतरी नियम होता. तो नीट लिहून पाठव. हसू नकोस.

तुझा,
धोंडूआजोबा

रत्नागिरी,
११ नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

हसले. थोडंच. जेवणात डाळ शोधावी लागते, बाकी झकास.

नियम सांगते. दोघांच्या पानांचे परिणाम एकाच क्षणी सुरू झाले, तर ज्याचा टर्न चालू आहे त्याचा आधी पार पाडायचा, समोरच्याचा मग. मे महिन्यात खेळताना विहिरीचं पान आटलं तेव्हा तुमचं कासवाचं पान हातात परत यायचं होतं, आणि त्याच क्षणी माझा बाण त्याला लागायचा होता. टर्न तुमचा होता, म्हणून कासव आधी परत आलं. मग बाणाला लागायला काही उरलंच नाही, तो फुकट गेला. त्यात कुणाची चूक धरत नाहीत. मी रुसले होते, ते वेगळं.

आता तुम्ही सांगा, नोटीस कुणाच्या नावाने आली? मग टर्न बाबांचा कसा, आणि आत्याचा तरी कसा? तुमच्या पत्रात बाबांना दोन ओळी आहेत, आत्याला दोन, आणि शिवदास आजोबांना अख्खा परिच्छेद. तुमचं पान कुठलं ते मला कळलं, तुम्हालाच कळलेलं नाही. ते दोघं बोलायच्या आत मांडा. मानखुर्दला माझा पलंग तुम्हाला मिळणार होता, त्याला माझी काही हरकत नाही, हेही लिहून ठेवते.

गोळी चुकवू नका, आणि नातीवर रागावलात तरी थोडंच रागवा.

तुमची,
जान्हवी

घाटकोपर,
२५ नोव्हेंबर २०२५

चि. जान्हवीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी दोन्ही टेम्पो गल्लीत समोरासमोर आले. मागे रिक्षा अडकल्या, शिव्या सुरू झाल्या. तुझा बाबा राजेश आणि दर्शना एकदमच जिना चढून वर आले. ती म्हणाली, दादा तू इथे कसा, तो म्हणाला, तू कशी. दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो,

"थांबा. टर्न माझा आहे. मी शिवदासकडे जातो."

राजेश चिडेल, दर्शना रडेल, असं धरून दोघांसाठी उत्तरं पाठ केली होती. एकही लागलं नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राजेश म्हणाला, "बरं, तुमची मर्जी." एवढ्या लवकर. दर्शना म्हणाली, खरंच बरं, तुम्हाला सोबत होईल. ताप उतरलेल्या माणसासारखा तिचा चेहरा सैल पडला. तिचा टेम्पो परत गेला, राजेशच्या टेम्पोतून माझं सामान दोन गल्ल्या पलीकडे आलं. दर्शनाने चहाचे कप विसळले आणि ती निघाली. दोघंही वाईट नाहीत गं. येऊ म्हणालेत.

तुझ्या नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं. पण तीन आठवडे मला वाटत होतं, दोघं मला दोन बाजूंनी ओढताहेत. कुणीच ओढत नव्हतं. दोन्ही हात मीच धरून ठेवले होते.

इथली खिडकी भिंतीकडे उघडते. शिवदास चांगला आहे, पण टी.व्ही. दिवसभर मोठ्याने लावतो, आणि पेपर मी वाचायला घेतला की झोपतो. हे कुणाला सांगायची सोय नाही, पान मीच मांडलं. एकदा मांडलेलं पान उचलता येतं का? असेल तो नियम कळव, माझ्यासाठी बदलू नकोस.

आजोबावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
धोंडूआजोबा