चढावरचे बूट

४ नोव्हेंबर, मंगळवार

पडले! खवीसानेच पाडलं. मांजर दिसलं की या कुत्र्याच्या अंगात येतं. त्याचा पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळलेला, पायात रबरी चपला, फरशी ओली. बसले ती थेट गटाराच्या झाकणावर. दूधवाला हसला मेला. हाड मोडलं नाही, पण डावा गुडघा टम्म.

सुनेने बर्फ लावला. माझी चप्पल उचलली, उलटी केली, तळ बघत बसली. गुळगुळीत झालाय, मान्य. मग म्हणाली, "आई, बूट घ्यायचे तुम्हाला. मी काही ऐकणार नाहीये."

मुलगा हे घर सोडून दुसऱ्या गावी दुसरीबरोबर राहायला गेला, तेव्हापासून कुत्र्याला रोज मीच फिरवतेय. याच चपलांत. तेव्हा कोणी माझे तळ बघितले नाहीत. आजच कसा पुळका आला?

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळीच तयार होऊन बसले, तर म्हणे आत्ता नाही, संध्याकाळी. "बूट संध्याकाळी घ्यायचे असतात आई, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सकाळी घेतलेले संध्याकाळी आवळतात." सगळं वाचून ठेवलंय. कधीपासून वाचतेय ही?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

घेतले एकदाचे. दुकानदाराचं डोकं फिरवलं आम्ही दोघींनी.

त्याने आधी गुलाबी पट्ट्यांचे काढले. मी आयुष्यभर शिवणाचे वर्ग घेतले, मला काय फसवतो! बोट घालून बघितलं, टाका कुठेच नाही. म्हटलं, "हे शिवलेलं नाही, चिकटवलंय." तो म्हणतो, "मावशी, आता सगळे चिकटवलेलेच येतात." म्हटलं, "म्हणूनच सगळे उकलतात." तोंड पाडून आतून दुसरे घेऊन आला. करडे, तळाला खोल खाचा, कडेने दुहेरी शिवण. टाके एकसारखे. नाव ठेवायला जागा नाही.

मग सुनेची परीक्षा सुरू. बूट हातात धरून वाकवून बघितला. बोटांपाशी वाकला तर चांगला, मधेच मोडला तर नको. मला जाड मोजे घालायला लावले, पुढे अंगठ्याएवढी जागा आहे का ते चाचपलं. इथवर ठीक. पण नंतर मला दुकानाबाहेर नेलं, गाड्या चढवायच्या उतारावर! वर जा, खाली या. "उतरताना बोटं पुढे आपटतात का? टाच सुटते का?" येणारेजाणारे बघताहेत. मी वर-खाली, वर-खाली.

आमची गल्ली पोळपाटासारखी सपाट. बाग सपाट. खवीस जिथे जिथे पाय वर करतो ते सगळे खांबसुद्धा सपाट जमिनीवर. मग चढ कशासाठी? विचारलं, तर "असू द्या, उपयोगी पडतं."

मनात पाल चुकचुकली.

८ नोव्हेंबर, शनिवार

धाकट्या बहिणीला फोन केला. माझं सगळं ती ऐकून घेते, तेवढं एकच माणूस उरलंय मला. म्हणाली, "ताई, तू भोळी आहेस. नवराच राहिला नाही तर ती कशाला राहील सासूपाशी? निघायची तयारी आहे ही. कुत्रं तुझ्या गळ्यात मारायचं आणि पसार व्हायचं. तुला पायावर उभी करून जातेय, एवढे तरी उपकार मान."

फोन ठेवला. एकटी राहिले तर काय करू मी? हे गेले तेव्हासुद्धा घरात चार माणसं होती.

९ नोव्हेंबर, रविवार

टाचेला बूट चावतो. ती म्हणते, आधी घरातल्या घरात घाला, थोडं थोडं, एकदम बाहेर नको. दिवसभर करडे बूट घालून स्वयंपाक केला. खवीस माझ्या पायांकडे बघून भुंकत होता.

तरी संध्याकाळी नेलंच बाहेर. कुठे? पाण्याच्या टाकीच्या चढावर! बाग हाकेच्या अंतरावर सोडून! अर्ध्यावर मला धाप लागली तर म्हणे, "थांबत थांबत चला, घाई नाही." रोज यायचं म्हणे इथे. पाणी कुठेतरी मुरतंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज कानांनी ऐकलं. गॅलरीत फोनवर हळू आवाजात — "हो, कुत्रा आहे... नाही हो, चावत नाही, वयस्कर आहे... बरं, खोल्या कधी रिकाम्या होतील?"

मी दाराशी गेले तशी, "नंतर करते," म्हणून ठेवला. आणि मला विचारते, चहा टाकू का!

म्हणजे जातेय. आणि कुत्राही नेतेय. मग मला बूट कशाला? रिकामा पट्टा धरून फिरू का मी टाकीवर? की मलाच कुठे ठेवायचा बेत आहे? डोंगराबिंगरावर असतात त्या म्हाताऱ्यांच्या संस्था, हवा चांगली म्हणून. पण तिथे कुत्रा चालत नसणार. डोकं भणभणलं नुसतं.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते ही. स्वतःच्या मनातलं मात्र कुणाला दिसू देईल तर शपथ. आतल्या गाठीची.

तिच्यावर माझा जीव आहे, हे इथे लिहायला हरकत नाही. म्हणून तर एवढा राग येतोय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मुद्दाम जुन्या चपला घालून निघाले. जिन्यातच गाठलं तिने, कामावरून लवकर आली होती.

"आई, बूट कुठेत?"

"चावतात."

"कालपर्यंत नव्हते चावत."

"आज चावतात. मला शिकवू नकोस. तुझं काय चाललंय ते ठाऊक आहे मला!"

चेहरा पांढराफटक पडला तिचा. अगदी पांढराफटक! भिंतीला हात लावून उभी राहिली. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

घ्या! चोरी पकडल्यावर माणूस हेच विचारतं. म्हटलं, "कोणी का सांगेना. खरं की नाही?"

डोळे भरले तिचे. "थोडे दिवस थांबा आई. एकदा सगळं पक्कं होऊ दे, मग मीच सांगणार होते." आणि खाली बसून माझ्या चपला काढायला लागली, जिन्यात, शेजाऱ्यांच्या दारासमोर. मी पाय झटकला. वर आले. खवीस तिच्यापाशीच थांबला.

बहिणीला सांगितलं. "बघ, मी म्हटलं नव्हतं!" म्हणाली. वर सांगते, मुलाला काही कळवू नकोस, उगाच तमाशा होईल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

खवीस रात्रभर तिच्या खोलीच्या दाराशी. फितूर!

१७ नोव्हेंबर, सोमवार

बोलणं बंद आहे. ती ताट वाढते, मी जेवते. आज तिने बुटांच्या टाचेत मऊ कापडाची घडी शिवून ठेवलेली दिसली. टाके वेडेवाकडे. माझ्या वर्गातली असती तर उसवायला लावले असते.

नाही, विरघळायचं नाही. माणूस निघताना जास्तच गोड वागतं. मुलगासुद्धा जायच्या आदल्या दिवशी माझे पाय चेपत बसला होता.

घर त्याच्या नावावर आहे. ह्यांनी हौसेने केलं तसं, एकुलता एक म्हणून. आता तोच काय तो आधार. बहीण काहीही म्हणो, उद्या त्याला फोन करते. तुझी बायको जागा बघतेय म्हणून सांगते. कसाही असला तरी पोटचा आहे, आईला वाऱ्यावर सोडणार नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

केला फोन. तो म्हणाला, "जागा बघणारच ना आई. घर विकलंय मी. महिनाअखेर रिकामं करून द्यायचंय. तिने अजून सांगितलं नाही तुला? मी तर म्हटलं होतं, तुला मावशीकडे ठेवू. मावशीला विचारलं पण, ती नाही म्हणाली. मग हीच म्हणाली, आई माझ्याबरोबर येतील. दोन खोल्या बघितल्यात कुठेतरी, रस्ता चढाचा आहे म्हणे."

बहिणीचा फोन तेव्हापासून वाजतोय. वाजू दे.