फेस आणि पेटी

तीर्थस्वरूप अक्का यांस,

सादर नमस्कार. आपल्या गुडघ्यांची चौकशी पहिल्यानेच करतो, कारण आपण त्यांच्याविषयी नेहमी शेवटच्या ओळीत लिहिता. नवे मलम लागू पडले असावे. माझी प्रकृती उत्तम आहे. (आपली धाकटी बहीण गेल्यापासून मला ‘उत्तम’ लिहिण्याची सवय लागली आहे, या वेळी त्यात थोडे तथ्यही आहे.) हे पत्र केवळ खुशालीचे असून आपणांस यत्किंचितही तसदी देण्याचा हेतू नाही.

आमच्या जुन्या सभागृहाची डागडुजी चालू आहे. हिच्या गायनवर्गातील महिला तेथे हिवाळाभर कुडकुडत; वरचा षड्ज लावला की सुरापेक्षा वाफच अधिक निघे. म्हणून छपराला आतून थंडी अडवणारा फोम मारून घ्यावा, असा हिचा आग्रह होता. (वर्ग हिच्यामागे बंदच आहे.) कामावरची देखरेख सभागृहाच्या समितीने माझ्या गळ्यात मारली. वास्तुविशारद बाईंनी बजावले की जुन्या विटांच्या भिंतींना श्वास घेऊ द्यावा. फोम फक्त छपराला, आणि तोही मध्ये पडदा ताणून, म्हणजे पुढे कोणी काढला तरी जुन्या लाकडास इजा होणार नाही. हे सर्व मी चोख सांभाळले. घात केला तो शुद्ध भाषेने. ‘फोम’ हा परका शब्द टाळावा म्हणून मी फलकावर लिहिले, ‘सोमवारी सभागृहास फेस येईल. सभासदांनी आत येऊ नये.’ तेव्हापासून निवृत्त पोस्टमास्तर मला भर रस्त्यात अडवतात, “काय हो, सभागृहाच्या तोंडाला फेस आला, आता समितीच्या कधी येणार?”

दुसरा घोटाळा त्याच सोमवारचा. फोम मारणारा कारागीर माळ्यावर नजर टाकून आला आणि मुखवट्याआडून म्हणाला, “काका, पेटी झाकली ना?” मी अभिमानाने होकार दिला. विजेची पेटी मी प्लास्टिकमध्ये अशी गुंडाळली होती की ती बोटीने परदेशी धाडता आली असती. तो विचारत होता माळ्यावरच्या हिच्या वाजवायच्या पेटीबद्दल. फोम फवारताना पातळ असतो, मग पाहता पाहता फुगतो. उतरत्या छपरावरून तो खाली आला आणि पेटीवर ठाण मांडून बसला. झाकण चिकटले. “पेटीनं कानटोपी घातली की, काका. करवत द्या, पाच मिनिटांत सोडवतो.” मी त्यास आजतागायत टोलवीत आलो आहे. ते झाकण शेवटचे हिने लावले होते. हे कारण कारागिरास सांगण्याजोगे नाही.

तथापि काम नामी झाले आहे. परवा कडाक्याच्या थंडीत मी आत स्वेटर काढून उभा राहिलो. सहज खोकलो, तर तोही सुरात वाटला. बाकी कळवण्यासारखे काही नाही.

आपला,
धाकटीचे यजमान

ता. क. पेटीचा भाता शाबूत आहे. हिला पहिली सरगम आपण शिकवलीत, तेव्हा झाकण आपल्यासमोर उघडावे असे वाटते.

आणखी एक ता. क. ‘गायनवर्ग पूर्ववत सुरू, अक्का शिकवतील’ असे मी फलकावर लिहून बसलो आहे. परंतु फेसानंतर माझ्या फलकावर कोणाचा विश्वास उरलेला नाही. “त्या स्वतः आल्या की खरं मानू,” असे महिलांनी स्पष्टच सांगितले. तेव्हा निघावे. मलम आणावे, लोकरीचे काही आणू नये, गरज पडणार नाही.